वृद्ध आई-वडिलांची भेट आणि मुलांचे स्कीइंग, दोन्ही एकाच सहलीत कसे बसवावे?

प्रश्न

नमस्कार. येत्या हिवाळ्यात मुलांच्या सुट्टीत आम्ही चौघे, म्हणजे मी, माझे पती, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा, माझ्या आई-वडिलांकडे सात दिवसांसाठी जाणार आहोत. त्यांचे घर डोंगराळ भागात सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथून गाडीने पाऊण तासावर स्कीइंगचे केंद्र आहे. केंद्राचा पायथा २३०० मीटरवर आहे आणि सर्वांत वरची लिफ्ट ३२०० मीटरपर्यंत जाते. आम्ही स्वतः समुद्रसपाटीला राहतो.

बाबा ७६ वर्षांचे आहेत. ते चाळीस वर्षे स्कीइंग करत आले आहेत आणि मलाही त्यांनीच शिकवले. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा गुडघा बदलला. त्यानंतर एक हिवाळा ते पुन्हा उतारावर गेले होते. पण हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचे निदान होऊन रक्त पातळ ठेवण्याचे औषध सुरू झाल्यापासून, म्हणजे गेले दोन हिवाळे, त्यांनी स्की पायात घातलेली नाही. आई ७३ वर्षांची आहे. ती घरातली सगळी कामे करते, पण बर्फावर चालायला घाबरते, आणि गेल्या वर्षभरात तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारण्याचे तिचे प्रमाण वाढले आहे.

माझ्यासमोर दोन प्रश्न आहेत. पहिला राहण्याचा. केंद्राच्या पायथ्याशी एक मोठे घर सात दिवसांसाठी भाड्याने घ्यावे आणि आई-बाबांनाही तिथेच आणावे, म्हणजे रोजचा प्रवास वाचेल आणि सगळे एकत्र राहू, असे माझ्या पतींचे म्हणणे आहे. मला मात्र इतक्या उंचीवर या वयाच्या माणसांना नेण्याची भीती वाटते. दुसरा प्रश्न बाबांचा. गेल्या आठवड्यात ते फोनवर म्हणाले, ‘या वेळी मुलांबरोबर एकदा तरी वरून खाली येणार.’ मी विषय बदलला. ‘हो’ म्हणायचे धाडस झाले नाही आणि ‘नको’ म्हणायला जीभ रेटली नाही. अशा परिस्थितीतून गेलेल्या किंवा यातील जाणकार मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी वैद्यकीय व्यवसायात आहे आणि डोंगराळ भागात काही वर्षे काम केले आहे. बाबांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या कोणत्याही म्हणण्यापेक्षा वरचा मानावा, हे आधी सांगतो.

उंचीची भीती आपण आई-बाबांसाठी बाळगत आहात; पण आपल्या कुटुंबात उंचीची सवय असलेली माणसे तेच दोघे आहेत. वर गेल्यावर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच राहते, मात्र हवेचा दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासाबरोबर शरीराला मिळणारा ऑक्सिजन घटतो. समुद्रसपाटीचा दाब १०० धरला, तर १६०० मीटरवर तो साधारण ८२, २३०० मीटरवर ७६ आणि ३२०० मीटरवर ६७ च्या आसपास असतो. आई-बाबांचे शरीर वर्षानुवर्षे ८२ वर चालत आले आहे. आपण चौघे मात्र एका दिवसात १०० वरून खाली येणार आहात. शिवाय वय वाढले की उंचीचा त्रास वाढतोच, असे आढळलेले नाही. धडधाकट तरुण पहिल्याच दिवशी जोर करून डोके धरून बसतो आणि सावकाश चालणाऱ्या साठीच्या माणसाला काहीच होत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे.

या त्रासात दिवसा किती उंच गेलो यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलो याला अधिक महत्त्व असते. डोकेदुखी, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे आणि चक्कर ही लक्षणे बहुधा वर पोहोचल्यानंतर सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमकी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, सुरू होतात. साधारण २५०० मीटरच्या वर हा त्रास नेहमीचा असला, तरी काहींना त्याखालीही होतो. त्यामुळे सात रात्री २३०० मीटरवर काढण्यापेक्षा १६०० मीटरवरच्या घरी झोपणे आणि दिवसा वर जाऊन येणे हे आपल्या मुलांसाठीच अधिक सोयीचे आहे. पाच वर्षांच्या मुलाला ‘डोके दुखते’ हे नीट सांगता येत नाही. तो किरकिर करील, जेवणार नाही, खेळायचे सोडून कुशीत येऊन पडेल. ते थकव्यामुळे किंवा हट्टामुळे आहे असे समजून त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा वर नेऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, तोल जाऊन अडखळत चालणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही कोणालाही झाले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

बाबांच्या बाबतीत मला उंचीपेक्षा अन्य गोष्टींची अधिक काळजी वाटते. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि त्यातच एकाएकी जोराचे श्रम झाले की हृदयावर ताण येतो. याचे सर्वांत घातक रूप उतारावर दिसत नाही, घराच्या दारात दिसते. पहाटे उठून फावड्याने बर्फ उपसण्याचे काम हातांनी होते, श्वास रोखून होते आणि शरीर तापण्याआधीच सुरू होते. पाहुणे येणार म्हणून बाबा हे काम आदल्या दिवशी नक्की काढतील. ते काम आपल्या पतींनी पोहोचल्यावर करावे, आणि तसे बाबांना आधीच फोनवर सांगून ठेवावे.

रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाविषयी दोन गोष्टी सांगतो. स्कीइंगसाठी म्हणून ते औषध दोन दिवस बंद ठेवावे, असा विचार पुष्कळ रुग्ण स्वतःच्या मनाने करतात. तो अतिशय धोक्याचा आहे, कारण औषध ज्या पक्षाघातापासून वाचवते तो सुट्टी पाहून थांबत नाही. आणि औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर हेल्मेट असले, माणूस हसत उठून उभा राहिला, तरी त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन तपासणी करून घ्यावी, कारण कवटीच्या आत होणारा रक्तस्राव काही तासांनी लक्षात येऊ शकतो. बाबांना उतारावर जाऊ द्यायचे की नाही, या प्रश्नाचा वैद्यकीय गाभा माझ्या मते गुडघ्यापेक्षा इथे आहे.

आणखी एक. निघण्यापूर्वी मुलांना ताप-खोकला असेल तर बेत पुढे ढकलावा. फ्लूची लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरू लागतो, त्यामुळे चौघांनी आणि आई-बाबांनीही किमान दोन आठवडे आधी लस घेतलेली असावी.

प्रतिसाद २

मी बरीच वर्षे स्कीइंग शिकवतो आणि माझ्या वर्गात साठी-सत्तरीची माणसे नेहमी असतात. राहण्याबद्दल वर जे लिहिले आहे त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, म्हणून बाबांबद्दल लिहितो.

चाळीस वर्षांचा सराव दोन हिवाळ्यांत नाहीसा होत नाही. वळण कसे घ्यायचे हे शरीर विसरत नाही. मांड्यांमधली ताकद आणि तोल सावरण्याची चपळाई मात्र कमी होते, आणि जुन्या खेळाडूला ते चौथ्या-पाचव्या वळणापर्यंत कळत नाही. म्हणून कळायची वेळ उतारावर येऊ देऊ नका. एक सोपी चाचणी घरच्या घरी करता येते. बाबांनी खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालून वळावे, परत येऊन बसावे. याला १२ सेकंद किंवा अधिक लागले, तर त्यांना साध्या जमिनीवरच पडण्याचा धोका आहे असे मानतात आणि मग उताराचा विषय तिथेच मिटतो. ती चाचणी सहज पार पडली, तरी हाताचा आधार न घेता खुर्चीतून सलग किती वेळा उठता येते आणि दोन मजले न थांबता उतरता येतात का, हेही पाहा. जिना उतरताना मांड्यांवर जो भार येतो तो स्कीइंगच्या भाराशी बराच मिळताजुळता असतो. आपल्याकडे अजून वेळ आहे, तेव्हा गुडघ्याच्या शल्यविशारदांची परवानगी असेल तर आजपासून रोज थोडा व्यायाम सुरू करता येईल.

आता साहित्य. बाबांकडे त्यांच्या जुन्या स्की आणि बूट असतील आणि त्यांवर त्यांचा जीव असेल. तरीही त्या वापरू देऊ नका, असे मी कळकळीने सांगतो. पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा म्हणून असलेले बाइंडिंग किती ताण आल्यावर उघडावे, हे वजन, उंची, बुटाच्या तळव्याची लांबी, स्कीइंगची पद्धत आणि वय यांवरून ठरवतात. त्यासाठी आयएसओ ११०८८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि त्यात वय ५० किंवा अधिक असेल तर बाइंडिंग एक पायरी हलके ठेवण्याची तरतूद आहे. चाळिशीत लावून घेतलेला आकडा शहात्तरीत तसाच ठेवला, तर पडताना स्की सुटणार नाही आणि तिचा सगळा पीळ गुडघ्यावर येईल. त्यातून जुन्या बाइंडिंगमधले वंगण सुकलेले असते, स्प्रिंगचा भरवसा नसतो आणि बुटांचे प्लास्टिक वर्षांनुवर्षे पडून ठिसूळ होते. चांगल्या तंत्रज्ञाकडून भाड्याचे साहित्य घ्या आणि वय विचारले की बाबांनी ते खरे सांगावे. १९९० च्या दशकापासून मधोमध बारीक आणि टोकांना रुंद अशा स्की रूढ झाल्या. त्या जुन्या सरळ स्कींपेक्षा फार कमी जोरात वळतात. बाबांनी अशा स्की कधी वापरल्या नसतील, तर त्यांना हा बदल सुखद वाटेल.

जागा आणि वेळ यांचाही विचार करा. ३२०० मीटरच्या लिफ्टची काही गरज नाही. पायथ्याजवळचा रुंद, यंत्राने सारखा केलेला, सौम्य उतार निवडा. अगदी सकाळी बर्फ रात्रीच्या थंडीने कडक असतो आणि दुपारनंतर तो उकरला जाऊन त्याचे ढीग होतात, शिवाय सावल्या पुसट झाल्याने उंचसखलपणा दिसत नाही. वय झालेल्या डोळ्यांना फिकट प्रकाशातला फरक ओळखणे आधीच जड जाते. साडेनऊ-दहा ते बारा ही वेळ धरा, तीही सुट्टीच्या गर्दीचा दिवस टाळून. खुर्चीच्या लिफ्टवर चढण्या-उतरण्याच्या वेळी ती हळू करायला तिथल्या माणसाला सांगता येते, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. आणि खाली येताना लिफ्टने येणे हाही एक नेहमीचा मार्ग आहे, हे वर जाण्याआधीच बोलून ठेवा, म्हणजे ऐनवेळी बाबांना माघार घेतल्यासारखे वाटणार नाही.

एक धोका मात्र बाबांच्या हातात नाही, तो म्हणजे मागून येऊन धडकणाऱ्याचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने १९६७ मध्ये आखलेल्या आचारनियमांत पुढे असलेल्या व्यक्तीला प्राधान्य दिले आहे आणि मागून येणाऱ्याने तिला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा आहे. पण नियम सगळे पाळतात असे नाही. रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या माणसाला मी गर्दीच्या उतारावर नेणार नाही. बाबांच्या मागे थोड्या अंतरावर आपण स्वतः राहावे, हे बरे.

एक गोष्ट आणखी. पाच वर्षांच्या नातवाला आजोबांनी शिकवू नये. त्याला दोन्ही पायांच्या मध्ये धरून घसरत नेताना आजोबांचा गुडघा आणि पाठ, दोन्हींवर वेडावाकडा ताण येतो. त्याला वर्गात घाला. आजोबांनी त्याला खालून पाहावे.

प्रश्नकर्तीचा खुलासा

आपण दोघांनीही इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. भाड्याच्या घराचा विचार आम्ही सोडला आहे. पाहुणे येण्याआधी बर्फ उपसण्याबद्दल वाचून मी चमकले, कारण गेल्या वर्षी बाबांनी नेमके तेच केले होते आणि ‘अंगण कसे लख्ख केले’ म्हणून मला छायाचित्र पाठवले होते. मी त्यांचे कौतुकही केले होते. आता आईबद्दल मला अजून कळत नाही. आम्ही चौघे आणि बाबा वर गेलो, तर तिला घरी एकटे ठेवायचे का? आणि बरोबर नेले, तर ती दिवसभर काय करील?

प्रतिसाद ३

आपला खुलासा वाचून लिहायला बसले, कारण आईचा प्रश्न शेवटी आला. आमच्याकडेही तो शेवटीच येत असे.

माझे आई-वडील असेच उतारांच्या जवळ राहत होते आणि आम्ही सलग तीन हिवाळे त्यांच्याकडे ‘त्यांना भेटायला’ गेलो. सकाळी साडेसातला निघायचो, संध्याकाळी पाचला परत यायचो. ओले कपडे, मुलांच्या आंघोळी, जेवणे. आठला मुले झोपलेली असत आणि नऊला आम्ही. सहा दिवसांत आई-वडिलांच्या वाट्याला दररोज थकलेल्या माणसांचे तीन तास आले. दोन वेळा आईला बरोबर नेले. ती पायथ्याच्या उपाहारगृहात खिडकीशी बसे, आणि आम्ही तासा-दोन तासांनी जाऊन ‘कंटाळा नाही ना आला?’ असे विचारून पुन्हा वर जात असू. ती ‘छे, मजेत आहे’ म्हणायची. तिसऱ्या वर्षी निघताना तिने मला बाजूला घेऊन विचारले, ‘बर्फ नसतो तेव्हा याल का एकदा?’ ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. पुढच्या वर्षी आम्ही उन्हाळ्यात गेलो. त्यानंतर तिची तब्येत ढासळली, तेव्हा तो एकच उन्हाळा आम्हाला मिळाला.

म्हणून माझी विनंती अशी की सात दिवसांचा आराखडा करताना आधी घरचे दिवस मांडावेत आणि उरलेल्या जागेत उताराचे दिवस बसवावेत. पोहोचल्याचा पहिला दिवस तसाही विश्रांतीचा आहे. उरलेल्या सहांपैकी तीन दिवस स्कीइंग पुष्कळ झाले, आणि त्यांतले दोन अर्ध्या दिवसाचे असावेत. ज्या दिवशी इतर वर जातील त्या दिवशी आपण आणि आपले पती या दोघांपैकी एकाने आईजवळ राहावे. हे काम आळीपाळीने करावे आणि ते तिच्यावर उपकार केल्यासारखे नसावे. आपण आणि आई, दोघीच घरात, असा एक संपूर्ण दिवस आपल्याला शेवटचा कधी मिळाला होता, हे आठवून पाहा.

एक दिवस सगळ्यांनी मिळून वर जावे, पण आईसाठी ठरवून जावे. बंद पेटीची गोंडोला असेल तर ती वर जाऊन दृश्य पाहून येऊ शकते. बूट बर्फावर धरणारे असावेत, काठीच्या टोकाला बर्फात रुतणारे धातूचे टोक लावून घ्यावे आणि डोळ्यांवर चांगला गडद चष्मा असावा, कारण उंची वाढते तशी अतिनील किरणे वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. मुलांचा वर्ग संपायच्या वेळी ती उताराच्या तळाशी पोहोचेल असे बघावे, म्हणजे तिला वाट पाहावी लागणार नाही आणि मुलांना आजी दिसेल. दीड-दोन तासांत परत निघावे.

घरातल्या गोष्टींकडे मी त्या वेळी दुर्लक्ष केले, ते आपण करू नये. चार माणसांचे बूट दारात वितळत ठेवले की फरशीवर पाण्याचा पातळ थर पसरतो आणि तो रात्री दिसत नाही. माझे वडील बाहेरच्या बर्फावर कधी घसरले नाहीत, ते आमच्या बुटांखालच्या पाण्यावर घसरले. बूट आणि काठ्यांसाठी जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर जागा करावी, खाली कडा असलेला मोठा ट्रे ठेवावा आणि शयनगृहापासून न्हाणीघरापर्यंत रात्रभर मंद दिवा असावा. घरात गर्दी झाली, वस्तू नेहमीच्या जागेवरून हलल्या, झोपायच्या वेळा बदलल्या की विसराळूपणा असलेल्या माणसाचा गोंधळ वाढतो, त्यामुळे आईच्या खोलीतले आणि स्वयंपाकघरातले काहीही हलवू नये, मदत म्हणून आवरूही नये.

आणि डोळे उघडे ठेवावेत. औषधांच्या डबीत कालची गोळी तशीच आहे का, शीतकपाटात जुने अन्न साचले आहे का, पत्रे न उघडता पडली आहेत का, गाडीला नवा पोचा पडला आहे का, घरात ऊब पुरेशी आहे का. घराचे तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि वृद्धांना त्याहून थोडी अधिक ऊब लागते. पुष्कळ वृद्ध काटकसर म्हणून एकाच खोलीत शेगडी लावून बसतात. अशा वेळी धुराडे स्वच्छ आहे ना आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र चालू आहे ना, हे पाहावे. हे सगळे फोनवर कधीच कळत नाही, आणि तपासणीला आल्यासारखे वागलो तर ते लपवले जाते. भाजी निवडताना, कपाट लावताना सहज दिसेल तेवढे पाहावे, आणि बोलायचे ते निघायच्या दिवशी दारात उभे राहून बोलू नये.

प्रतिसाद ४

वरचे प्रतिसाद उत्तमच आहेत, पण सगळे वाचून बाबा म्हणजे केवळ एक जोखीम आहेत असे वाटू लागेल, म्हणून थोडे वेगळे लिहितो. जपानचे केइझो मिउरा यांनी वयाच्या ९९ व्या वर्षी मॉं ब्लां परिसरातील हिमनदीवरून स्कीइंग केले आणि २००४ मध्ये शंभरी गाठल्यावर अमेरिकेच्या युटा राज्यात मुलगा, नातू आणि पणतू अशा चार पिढ्यांसह ते उतारावरून खाली आले. त्यांचे पुत्र युइचिरो मिउरा यांनी हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या असतानाही २०१३ मध्ये वयाच्या ८० व्या वर्षी एव्हरेस्टचे शिखर गाठले. वय हा आकडा एकट्याने काही ठरवत नाही. आपल्या बाबांनी ‘एकदा तरी’ असे म्हटले आहे, त्या दोन शब्दांत त्यांनी स्वतःच मर्यादा घालून घेतली आहे. त्यांच्याशी मुलीच्या नात्याने मोकळेपणी बोला. त्यांच्यामागे घरच्यांनी मिळून निर्णय घेऊ नये.

प्रतिसाद ५ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून)

मिउरा पिता-पुत्रांबद्दल मलाही फार आदर आहे. पण त्यांच्या उदाहरणातून घ्यायचे ते वय नव्हे, तयारी. युइचिरो मिउरा पायांना वजने बांधून आणि पाठीवर ओझे घेऊन वर्षानुवर्षे चालत असत. आपल्या बाबांची दोन हिवाळ्यांची खंडित सवय आणि चालू असलेले औषध यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. शेवटचे वाक्य मात्र मला पूर्ण मान्य आहे. बाबांशी बोलणे टाळू नये. डॉक्टरांनी नकार दिला, तर पायांना बर्फाचे रुंद जोडे बांधून सपाट जंगलवाटेवर नातीबरोबर चालणे हा पर्याय त्यांच्यासमोर त्याच वेळी ठेवता येईल. काही केंद्रांत बसून करायची स्की असते आणि ती प्रशिक्षित माणूस मागून सांभाळतो. तिथेही औषधाविषयी आधी सांगावे लागेल, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्तीकडून

काल रात्री बाबांशी पाऊण तास बोलले. मी सुरुवात कशी करावी या विवंचनेत होते, पण खुर्चीच्या चाचणीचे सांगताच ते फोन ठेवून घड्याळ घेऊन आले आणि आईला वेळ मोजायला बसवले. नऊ सेकंद लागले. मग मी डोक्याच्या दुखापतीबद्दल आणि मागून येणाऱ्यांबद्दल सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले की आपल्यालाही त्याचीच धास्ती वाटते, म्हणूनच गेली दोन वर्षे गेलो नाही, पण ते कोणाला सांगितले नव्हते. हे मला ठाऊकच नव्हते. मी समजत होते की त्यांना धोक्याची जाणीव नाही आणि ती मलाच करून द्यायची आहे.

आता ठरले आहे ते असे. हृदयाच्या आणि गुडघ्याच्या, दोन्ही डॉक्टरांना विचारायचे. दोघांनी होकार दिला, तर आठवड्याच्या मधल्या एका दिवशी, सकाळी दहा ते बारा, खालच्या उतारावर, भाड्याच्या स्कींवर, मागे मी. एकाने जरी नकार दिला, तरी बर्फाचे जोडे घालून नातीबरोबर जंगलवाट. जुन्या स्की ते मुलांना दाखवायला तेवढ्या काढणार आहेत. उताराचे दिवस आम्ही पाचावरून तीनावर आणले आहेत आणि त्यांतला एक दिवस मी घरी राहणार आहे. आईला हे सांगितले तेव्हा तिने तीन वेळा विचारले, ‘कोणता वार?’, आणि तिसऱ्या वेळी तिने तो दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्याचे बाबांनी सांगितले.

एक शंका उरली आहे. मुलाचा वर्ग दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू होतो. त्याला त्याच दिवशी घालावे, की एक दिवस थांबावे?

प्रतिसाद ६ (प्रतिसाद १ लिहिणाऱ्याकडून)

शक्य असेल तर एक दिवस थांबावे. १६०० मीटरवर दोन रात्री नीट झोप झाली, भूक नेहमीसारखी असली आणि तो घरभर धावत असला, तर तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला निर्धास्तपणे वर न्यावे. वर गेल्यावर त्याला तहान लागण्याची वाट न पाहता मधून मधून पाणी द्यावे. बाबांनाही तसेच द्यावे, कारण वयानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि थंड, कोरड्या हवेत श्वासावाटे पुष्कळ पाणी जाते. बाबा लघवी वाढवणारे एखादे औषध घेत असतील, तर किती प्यावे हे मात्र हृदयाच्या डॉक्टरांनाच त्याच भेटीत विचारावे.